रानफुलांची ओळख : ही सोनकी नव्हे!

भाद्रपद-आश्विनात डोंगर पिवळा दिसला की आपण म्हणतो, "सोनकी फुलली." पण बंधू-भगिनींनो, जरा जवळ जाऊन पाहा. सोनकी गुडघ्याएवढी, पाने साधी, कडा दातेरी. झाड कंबरेच्या वर गेलेले, पाने समोरासमोर आणि झेंडूसारखी चिरलेली, फूल नारिंगी-पिवळे असेल, तर तो कॉसमॉस. मूळचा मेक्सिकोकडचा, बागेत शोभेसाठी आणला, रानात सुटला. त्याचे सुईसारखे बी कपड्यांना, जनावरांच्या अंगाला चिकटून पसरते. गुरे त्याला सहसा तोंड लावत नाहीत. गवताची जागा मात्र तो अडवतो. म्हणून बी धरण्यापूर्वीच मुळासकट उपटावा. हौसेने त्याचे बी डोंगरावर टाकू नये. मुलांनाही दोन्ही झाडे शेजारी धरून दाखवा.