'हेमल' : एक शब्द, दोन मजले

आपल्या दोन शब्दांसाठी परभाषेत एकच शब्द आढळला की आपण त्या भाषेला चटकन दरिद्री ठरवून मोकळे होतो. डच भाषेतील 'हेमल' हा शब्द या घाईच्या निवाड्यावर चांगला उतारा आहे.

हेमल म्हणजे आकाश आणि हेमल म्हणजेच स्वर्ग. पावसाचे पाणी ते 'हेमलवाटर'. उघड्यावर झोपणारा डच माणूस 'उघड्या हेमलखाली' झोपतो. ख्रिस्ताच्या स्वर्गारोहणाच्या दिवसाच्या नावातही हेमलच आहे, आणि त्या गुरुवारी देशभर सुटी असते. पलंगावरचे छतही हेमल! आकाशासाठी 'लुख्त' असा दुसरा शब्द त्यांच्याकडे आहे. पण त्याचा अर्थ हवा असाही होतो. म्हणजे शब्द त्यांच्याकडेही आहेत, फक्त कुंपण वेगळ्या जागी घातलेले आहे.

खरी पंचाईत होते ती अनुवादकाची. हारी मुलिश यांच्या १९९२ मधील गाजलेल्या कादंबरीचे नाव 'हेमलचा शोध' असे आहे. तिचा एक नायक खगोलशास्त्रज्ञ असून तो वेस्टरबोर्कच्या रेडिओ दुर्बिणीवर काम करतो. ही दुर्बीण जिथे आहे, तिथेच दुसऱ्या महायुद्धात नाझींची छावणी होती. तिथून ज्यूंना मृत्युछावण्यांकडे नेणाऱ्या आगगाड्या सुटत. अशा जागी वर पाहणारा माणूस तारे शोधतो की देव? मूळ शीर्षक दोन्ही प्रश्न एकत्र विचारते. इंग्रजी अनुवादाने स्वर्ग निवडला. मराठीत 'आकाशाचा शोध' म्हटले तर देव निसटतो, 'स्वर्गाचा शोध' म्हटले तर दुर्बीण निसटते. इथे दरिद्री कोण ठरले?

आणि ही दृष्टी आपल्याला परकी थोडीच आहे! अमरकोशात 'द्यो' आणि 'दिव्' हे शब्द स्वर्गाच्या नावांत येतात, तसेच आकाशाच्या नावांतही येतात. आजही माणूस गेला की आपण 'वर गेला' म्हणतो, आणि बोट आभाळाकडेच जाते.

म्हणून माझे म्हणणे एवढेच, की भाषेची श्रीमंती शब्दांच्या मोजदादीने ठरवू नये. दोन अर्थ वेगळे करणे हे जसे भाषेचे सामर्थ्य, तसेच ते एकत्र नांदू देणे हेही सामर्थ्यच. आपल्यापैकी जे उद्या अनुवाद करतील, त्यांनी नेमका प्रतिशब्द मिळाल्याचा आनंद मानण्यापूर्वी, तो घेताना काय गमावले, तेही एकदा पाहावे.