बाटलीचा सातबारा: बरगंडीची वाइन निवडताना



परदेशातला भाचा किंवा जावई सुट्टीला यायला निघाला की फॅमिली ग्रुपवर त्याचा मेसेज हमखास येतो, "येताना काय आणू?" पूर्वी चॉकलेट आणि परफ्यूमवर भागायचं. आता काही घरांत काका हळूच सुचवतात, "फ्रान्समधून येतोयस ना, मग एखादी चांगली वाइन आण." आणि तो बिचारा विमानतळावरच्या दुकानात शेकडो बाटल्यांसमोर उभा राहतो. बहुतेकांवर वाड्याचं चित्र, सोनेरी अक्षरं आणि न कळणारं फ्रेंच. किंमत मात्र सगळ्यांना कळते!

आजचा भाग खास त्याच्यासाठी आणि त्याला यादी पाठवणाऱ्या काकांसाठी. प्रदेश घेतलाय बरगंडी, म्हणजे फ्रेंच उच्चारात बुर्गोन्य. पांढरी आणि लाल, दोन्ही वाइनसाठी जगभर नावाजलेला.

तिरुविडैमरुदूरमध्ये बसून लिहिताना फ्रान्स तसं फार लांब वाटत नाही. तंजावरच्या भोसले घराण्यातले अमरसिंह १७९८ मध्ये गादीवरून उतरवले गेले आणि पुढे याच गावात, म्हणजे मध्यार्जुनात, राहिले. इथून पूर्वेला समुद्राकडे गेलं की कारैकाल लागतं. भोसल्यांच्या मुलखातलं हे बंदर १७३९ मध्ये फ्रेंचांच्या हाती गेलं आणि १९५४ मध्ये तिथला त्यांचा कारभार संपला. त्यामुळे फ्रान्समध्ये नातेवाईक असणं ही या भागात नवलाची गोष्ट नाही. पण फ्रेंच बाटलीवरचं लेबल वाचता येणं ही वेगळी गोष्ट!

लेबलवर द्राक्षाचं नाव का नसतं?

नाशिकची वाइन घेतली की समोरच कंपनीचं नाव आणि द्राक्षाची जात दिसते: शिराझ, शेनिन ब्लाँ, सोविन्यॉ ब्लाँ. सुलाची पहिली वाइन २००० मध्ये बाजारात आली, तेव्हापासून आपल्याला हीच सवय लागली आहे.

बरगंडीच्या लेबलवर बहुतेक वेळा जात सापडणार नाही. तिथे ती गृहीतच धरलेली असते. चांगली पांढरी असेल तर शार्दोने, चांगली लाल असेल तर पिनो न्वार. आलिगोते आणि गामे यांसारखे अपवाद आहेत, पण पहिल्या खरेदीला एवढं पुरे. जात एकच असेल तर बाटल्यांत फरक कशाने पडतो? जमिनीने. म्हणून लेबलवर जमिनीचं नाव असतं. कोणतं गाव, कोणतं शिवार, टेकडीचा उतार कुठला. अशा नावनिशीच्या द्राक्षमळ्यांना तिथे 'क्लिमा' म्हणतात. ते हजाराहून जास्त आहेत आणि २०१५ मध्ये युनेस्कोने त्यांना जागतिक वारशाच्या यादीत घेतलं.

आपल्याला हे कळायला सोपं आहे. बाटलीचं लेबल म्हणजे सातबारा समजा. गाव कोणतं, गट कोणता आणि कसतो कोण, हे तिन्ही पाहायचं.

चार पायऱ्या

सर्वांत खाली प्रादेशिक वाइन. लेबलवर नुसतं 'बुर्गोन्य' किंवा त्याच्या जोडीला एखादा भाग. द्राक्षं त्या प्रदेशातली, एवढीच हमी.

त्यावर गावाची वाइन. लेबलवर गावाचं नाव: मर्सो, पोमार, मेर्क्युरे.

तिसरी पायरी 'प्रीमिए क्रू'. प्रीमिए म्हणजे पहिला, त्यामुळे बरेच जण हीच सर्वांत वरची समजतात. तशी ती नाही. गावातल्या निवडक मळ्यांना हा दर्जा मिळतो.

सर्वांत वर 'ग्राँ क्रू'. असे मळे फक्त ३३ आहेत आणि बरगंडीच्या एकूण उत्पादनात त्यांचा वाटा जेमतेम १ टक्का. साहजिकच किंमत आभाळाला भिडलेली.

एक इशारा. 'ग्राँ व्हँ द बुर्गोन्य' म्हणजे 'बरगंडीची थोर वाइन' असं ठळक छापलेलं दिसेल. त्या शब्दांना दर्जाचा कायदेशीर अर्थ नाही. 'जुन्या वेली' अशा अर्थाचे फ्रेंच शब्द असतात, त्यांचीही कायदेशीर व्याख्या नाही. पायरी सांगणारे शब्द वेगळे, सजावटीचे शब्द वेगळे.

नाव छोटं, मान मोठा

विमानतळावर पैसे जातात ते इथे. जेव्रे नावाचं एक गाव आहे आणि तिथे शाम्बर्तां नावाचा प्रसिद्ध मळा. १८४७ मध्ये गावाने मळ्याचं नाव आपल्या नावाला जोडून घेतलं आणि ते झालं जेव्रे-शाम्बर्तां. पुलिन्यी आणि शासान्य या दोन गावांनी १८७९ मध्ये मोंराशे या मळ्याचं नाव तसंच जोडलं.

त्यामुळे 'शाम्बर्तां' एवढंच लिहिलेली बाटली ग्राँ क्रू आणि 'जेव्रे-शाम्बर्तां' लिहिलेली गावाची वाइन. नाव लांब झालं, पण पायरी खाली आली! गावाची वाइन वाईट नसते, चांगली असू शकते. फक्त मळ्याच्या नावाचे पैसे गावाच्या बाटलीला मोजू नका.

वाटण्या तिथेही झाल्या

क्लो द वूजो हा सुमारे ५० हेक्टरचा, दगडी कुंपणाचा मळा. शतकानुशतकं तो एका ख्रिस्ती मठाकडे होता. फ्रेंच राज्यक्रांतीत मठाच्या जमिनी सरकारजमा होऊन विकल्या गेल्या. पुढे १८०४ चा नेपोलियनचा कायदा आला आणि मुलांमध्ये समान वाटण्या होऊ लागल्या. आज त्या एका मळ्याचे सुमारे ८० मालक आहेत. कुणाकडे बऱ्यापैकी जमीन, कुणाकडे वेलींच्या काही ओळी.

आपल्याकडे एकाच बांधाला लागून दोन भाऊ शेती करतात. एकाचं पीक डोलतं, दुसऱ्याचं तण माजलेलं असतं, आणि सातबाऱ्यावर गाव तेच! तिथेही असंच आहे. क्लो द वूजो हे नाव ८० जण लावू शकतात, वाइन मात्र सारखी होत नाही.

म्हणून शेवटचा आणि सर्वांत महत्त्वाचा शब्द म्हणजे करणाऱ्याचं नाव. 'दोमेन' लिहिलेलं असेल तर साधारणपणे स्वतःच्या मळ्यातली द्राक्षं. 'मेझों' असेल तर बहुधा व्यापारी घराणं, जे छोट्या शेतकऱ्यांकडून द्राक्षं किंवा वाइन विकत घेतं. यातही उत्तम घराणी आहेत. पण अनोळखी घराण्याच्या महागड्या मळ्यापेक्षा चांगल्या दोमेनची गावची बाटली जास्त समाधान देते.

पांढरी घ्यायची असेल तर

पहिली निवड शाब्ली. बरगंडीच्या उत्तर टोकाचा, थंड भाग. तिथल्या मातीत प्राचीन शिंपल्यांचे अवशेष आहेत. चव लिंबासारखी आंबटसर आणि स्वच्छ. तळलेले बोंबील, पापलेट किंवा नारळातली कोळंबी यांच्यासोबत छान जमते.

थोडी भरदार हवी असेल तर दक्षिणेकडची माकों-व्हिलाज किंवा सां-व्हेराँ. बजेट मोठं असेल तर मर्सो. तिला ओकच्या पिंपांचा वास आणि लोण्यासारखा गुळगुळीतपणा असतो.

लाल घ्यायची असेल तर

पिनो न्वार रंगाने फिकी आणि तुरटपणाला कमी असते. फिका रंग म्हणजे पाणी घातलंय, असं काकांना वाटू देऊ नका. मेर्क्युरे, जिव्री, मार्साने ही गावं मोठ्या नावांच्या मानाने परवडतात. मशरूम किंवा सौम्य मसाल्याच्या चिकनबरोबर द्या. चेट्टिनाड किंवा कोल्हापुरी रश्श्यासमोर ती बिचारी हरवून जाते.

वर्षही पाहा. बरगंडीत सप्टेंबरच्या सुमाराला तोडणी होते आणि एप्रिलमधलं दव गोठलं की कोवळे कोंब जळतात. २०२१ मध्ये असंच झालं, पांढऱ्या वाइनला मोठा फटका बसला आणि उत्पादन घटलं. कमी पीक म्हणजे चढे भाव, हे कांद्याइतकंच वाइनलाही लागू आहे.

आपल्या घरात, आपल्या हवेत

ग्राँ क्रू अनेक वर्षं गार तळघरात मुरवायची असते. कुंभकोणमच्या मे महिन्यात कपाटावर ठेवलेली बाटली मुरत नाही, बिघडते. तळघर नसेल तर मुरवण्यासाठी महागडी वाइन घेण्यात अर्थ नाही. लगेच प्यायला तयार असलेली गावाची बाटली घ्या आणि काही महिन्यांत उघडा. बूच वर आलेलं किंवा गळती झालेली बाटली दुकानातच नाकारा.

'लाल वाइन रूम टेंपरेचरला द्या' हा सल्ला थंड देशातल्या खोल्यांसाठी होता. लाल वाइन १४ ते १६ अंशांना चांगली लागते, म्हणून आधी अर्धा-पाऊण तास फ्रिजमध्ये ठेवा. पांढरी १० ते १२ अंशांना, म्हणून फ्रिजमधून पंधरा मिनिटं आधी काढा. उघडलेली बाटली बूच लावून फ्रिजमध्ये ठेवा आणि दोन-तीन दिवसांत संपवा.

परदेशातून येणाऱ्या प्रवाशाला २ लिटरपर्यंत मद्य सीमाशुल्काशिवाय आणता येतं, म्हणजे ७५० मिलीच्या दोन बाटल्या. राज्याराज्यांचे नियम आणि वयाची अट मात्र वेगवेगळी आहे, ती आधी पाहा. आणि ज्या घरात कुणी पीत नाही, किंवा कुणी पिणं कष्टाने सोडलंय, तिथे ही भेट नकोच. तिथे चॉकलेटच बरं!

तर भाच्याला एवढाच मेसेज पाठवा: "एक शाब्ली, एक मेर्क्युरे. दोन्ही दोमेनच्या. सोनेरी अक्षरांकडे बघू नकोस, गाव आणि शेतकरी बघ."

बाटली आली की लेबलवरचं गाव नकाशावर शोधून पाहा, मुलांनाही शोधू द्या. वाइन मोठ्यांची, पण भूगोल सगळ्यांचा!