गाडा आपला, तेल परके

महाळुंगे पडवळच्या पंचक्रोशीत, मंचर-नारायणगाव रस्त्याच्या कडेला, संध्याकाळी चायनीजच्या गाड्यांवर पोरांची झुंबड उडते आणि ती अनेकांच्या डोळ्यांत खुपते. त्यांचे म्हणणे असे की, ज्या गावच्या बाबू गेनूंनी 12 डिसेंबर 1930 रोजी मुंबईत काळबादेवीला परदेशी कापडाच्या मालमोटारीपुढे आडवे होऊन प्राण दिले, त्या गावाला मंचुरियन शोभत नाही. हे खाणे परके आहे, नकली आहे, विषारी आहे आणि मासवडीच्या मुळावर उठले आहे. हे चारही आरोप तपासले पाहिजेत, कारण आरोप चुकीचा ठेवला की खरा दोषी सुटतो.

पहिला आरोप परकेपणाचा. जून 2020 मध्ये चिनी सैन्याशी झालेल्या गलवानच्या चकमकीनंतर केंद्रीय राज्यमंत्री रामदास आठवले यांनी चायनीज पदार्थांवर बहिष्कार टाका, ते विकणारी हॉटेले बंद करा, असे आवाहन केले होते. भावना समजू शकते, पण त्याने चीनचे काय बिघडले असते? मंचुरियन हा पदार्थ मुंबईचा. कोलकात्यात जन्मलेल्या नेल्सन वाँग यांनी 1975 मध्ये क्रिकेट क्लब ऑफ इंडियाच्या स्वयंपाकघरात आले, लसूण, हिरवी मिरची घेतली, गरम मसाला टाळून सोया सॉस घातला आणि कॉर्नफ्लोरने रस्सा दाट केला, अशी त्याची जन्मकथा सांगतात. आता प्लेटमध्ये पाहा. कोबी, फ्लॉवर, गाजर, ढोबळी मिरची, कांद्याची पात. यातले जुन्नर-आंबेगावात पिकत नाही असे काय आहे? ज्या डिंभे धरणाच्या पाण्यावर इथली शेती उभी आहे, त्या जलाशयाचे नावच हुतात्मा बाबू गेनू सागर आहे. परकेपणाची कसोटी लावायचीच असेल, तर मिरची, बटाटा आणि टोमॅटो हे तिघेही अमेरिका खंडातून आलेले. मग ठेचाही गेला आणि बटाटावडाही. बाबू गेनूंचा सवाल चवीचा नव्हताच. इथला पैसा कुणाच्या तिजोरीत जातो, हा होता. तो सवाल पुढे येईलच.

दुसरा आरोप पुण्यातल्या रसिकांचा. सुशी, रामेन, डिमसमची ओळख झालेल्या या मंडळींना गाड्यावरचे शेजवान ‘अस्सल’ वाटत नाही. ते अस्सल नाहीच. शेजवान हे नाव ज्यावरून आले, त्या चीनच्या सिचुआन प्रांतात जीभ बधिर करणारी एक मिरी वापरतात. गाड्यावरच्या सॉसमध्ये सुकी लाल मिरची आणि लसूण असतो, ती मिरी नसते. गंमत म्हणजे तिचे भावंड असलेले तिरफळ कोकणात माशांच्या आमटीत पडते, पण शेजवानमध्ये टाकायचे कुणाच्या मनात येत नाही. म्हणजे हा वेगळाच पदार्थ आहे आणि त्याला त्याच्याच मापाने मोजले पाहिजे.

मात्र मोजताना भीड ठेवू नये. बहुतेक गाड्यांवरचे मंचुरियन म्हणजे कोबीच्या नावाखाली मैद्याचा गोळा असतो. रस्सा कॉर्नफ्लोरने इतका घट्ट केलेला असतो की चमचा उभा राहावा. मेनूकार्डावर वीस नावे असतात, पण शेजवान, हाँगकाँग, सिंगापूर या सगळ्यांची चव एकाच लाल डब्यातून येते. दुपारी उकडून तेल लावून ठेवलेल्या नूडल्स रात्री नऊला नुसत्या कोमट करून पुढे येतात. याउलट चांगला गाडा लांबूनच ओळखू येतो. भट्टीचा जाळ मोठा, कढईत एका वेळी दोनच प्लेटचा माल, भात गार आणि शिताशिताने मोकळा, कोबी करकरीत, पात अगदी शेवटी. असा साधा फ्राईड राईस मला पुण्यातल्या महागड्या हॉटेलातल्या कितीतरी गुळगुळीत प्लेटांपेक्षा सरस वाटतो. असे गाडे थोडे आहेत, हेही खरे.

तिसरा आरोप विषाचा आणि विष म्हणजे अजिनोमोटो, हे जणू सिद्धच झाले आहे. 1908 साली टोकियोत किकुनाए इकेदा या रसायनशास्त्रज्ञाने समुद्री शेवाळाच्या रसातून अजिनोमोटोची चव वेगळी काढली. 1968 मध्ये अमेरिकेतल्या एका डॉक्टरने वैद्यकीय नियतकालिकाला पत्र लिहिले की चिनी हॉटेलात जेवल्यावर मान बधिर होते. कारण म्हणून त्याने केवळ अंदाज मांडले होते. जगाने त्यातला अजिनोमोटोचा अंदाज उचलला आणि तोच निकाल मानला. पुढच्या काटेकोर चाचण्यांत नेहमीच्या प्रमाणात खाल्ल्याने असा त्रास ठामपणे दिसला नाही. अजिनोमोटोत असते तेच ग्लुटामेट नारायणगावच्या पिकल्या टोमॅटोतही असते. फिक्या मालाला चव आणण्यासाठी ही पूड मुठीने टाकणे हा आळस आहे. त्याला आळसच म्हणावे.

चौथा आरोप मासवडीचा. मासवडी मागे पडत असेल, तर ती तिच्या खटाटोपामुळे. बेसन घोटायचे, तीळ-खोबऱ्याचे सारण भाजायचे, फडक्यावर थापून वळायचे, वर झणझणीत रस्सा. हे घरात कुणी करायचे, हा प्रश्न आपण बायकांवर ढकलून मोकळे होतो आणि बोट मात्र गाड्याकडे दाखवतो. हायवेवर मासवडीची थाळी पैसे मोजून खाणारे कमी नाहीत. संध्याकाळी सहाला अर्धी प्लेट नूडल्स खाणारा पोरगा मासवडीचा शत्रू नव्हे.

मग दोषी कोण? तेल आणि रंग. आपल्या देशाला लागणाऱ्या खाद्यतेलापैकी निम्म्याहून अधिक तेल बाहेरून येते. त्यात इंडोनेशिया-मलेशियाचे पामतेल सर्वांत जास्त. बाबू गेनूंचा सवाल लागू होतो तो इथे. तो फरसाणाच्या दुकानाला आणि वडापावच्या कढईलाही तितकाच लागू आहे, म्हणून तो विचारायला कुणी पुढे येत नाही. शिवाय तेच तेल काळे होईपर्यंत तापवतात. 1 जुलै 2018 पासून तळणीच्या तेलात वारंवार तापवल्याने वाढणारे पोलर घटक 25 टक्क्यांवर गेले की ते तेल वापरता येत नाही, असा नियम आहे. रस्त्यावर ते कोण मोजतो?

रंगाचे दोन दाखले शेजारचेच आहेत. 2024 च्या आरंभी गोव्यात म्हापसा पालिकेने गोबी मंचुरियनच्या स्टॉलवरच बंदी आणली. त्याच वर्षी मार्चमध्ये कर्नाटकने तपासलेल्या गोबी मंचुरियनच्या निम्म्याहून अधिक नमुन्यांत घातक कृत्रिम रंग सापडले, तेव्हा त्या राज्याने बंदी रंगावर घातली, पदार्थावर नाही. म्हापशाने पोरांचा घास आणि गाडेवाल्याची रोजी दोन्ही काढून घेतली. कर्नाटकने नेमका अपराधी धरला. आपण कर्नाटकचा मार्ग घ्यावा.

त्यासाठी सरकारची वाट पाहायला नको. गाड्यावर गेलात की आधी कढईतले तेल पाहा. मंचुरियन कुंकवासारखे लाल दिसले तर परत करा आणि का परत केले ते चारचौघांत सांगा. रंग न घालता, ताज्या तेलात, आपल्याच शेतातला कोबी परतून देणारा गाडा सापडला, तर त्याला दहा रुपये जास्त द्या. ते पैसे गावातच राहतील.