ड्रोनची दुरुस्ती धुऱ्यावर आली पाहिजे



2017 च्या खरिपात फवारणीच्या विषबाधेने आपल्या यवतमाळ जिल्ह्यात 20 हून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. म्हणून फवारणीच्या ड्रोनचे आम्ही स्वागतच करतो. डोक्याच्या वर गेलेल्या उसात पंप घेऊन शिरण्याची पाळीही त्याने टळते.

पण यंत्र म्हटले की मोडतोड आलीच. ड्रोन तारेत अडकला की पाते तुटते, दांडी वाकते. कंपनीकडे पाठवला तर ती सहसा आधी उड्डाणाची नोंद तपासते. दोष यंत्राचा निघाला तर हमी, चालकाचा निघाला तर खर्च आपल्या माथी. तोवर बोंडअळी थांबते काय? हंगाम सरल्यावर यंत्र येणे म्हणजे वरातीमागून घोडे. अन् पंप पुन्हा मजुराच्या पाठीवर!

केंद्राने 2023 साली मंजूर केलेल्या नमो ड्रोन दीदी योजनेत बचतगटांना किमतीच्या 80 टक्के, कमाल 8 लाख रुपये साहाय्य ठरले. सोबत वर्षभराची जागेवरची हमी, विमा व दोन वर्षांचा देखभाल करारही ठेवला. हे शहाणपण आपणही घ्यावे.

कारखान्याने वा सोसायटीने ड्रोन घेताना नुसता भाव पाहू नये. दुरुस्तीची मुदत, ती हुकल्यास बदली यंत्र, आणि बदली यंत्र जुने दुरुस्त केलेले असेल तर त्याचीही हमी, हे सारे लेखी घ्यावे. पाती, नोझल, बॅटऱ्या दारव्ह्यातच मिळाव्यात. किरकोळ दुरुस्ती गावच्या पोरापोरींना शिकवावी.

संचालक मंडळाने हा विषय खरिपाआधी सभेपुढे ठेवावा, ही आमची आग्रहाची विनंती.