रोजमेळ आणि खतावणी

रोजमेळ आणि खतावणी यांतील भेद व्यापारी कुटुंबांना सांगावा लागत नाही. रोजमेळात नोंद येईल तशी उतरते. खतावणीत ती आपापल्या खात्यावर जाते. मोटारमालकांच्या समूहांतील चर्चेलाही हाच न्याय लागू पडतो.

सारे प्रश्न एकाच ओघात येत राहिले, तर उपयुक्त उत्तरही चार दिवसांत दृष्टीआड होते. म्हणून जाणते समूह चर्चेची खाती पाडतात: प्रथम मोटारीचे मॉडेल, मग उत्पादनाचे वर्ष व इंधन, त्याखाली इंजिन, ब्रेक, विमा इत्यादी विषय.

हा काटेकोरपणा अनाठायी नाही. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ मानक लागू झाले आणि डिझेल मोटारींच्या धूरनळीत काजळी अडविणारी गाळणी आली. घर ते दुकान एवढ्याच फेऱ्यांत ती पुरेशी तापत नाही. काजळी साचते, सूचक दिवा लागतो. वेळीच महामार्गावर सलग वेगाने मोटार चालविल्यास बहुधा ही काजळी जळून जाते. अशी गाळणी नसलेल्या जुन्या मोटारीच्या मालकाने सद्हेतूनेच ‘दिव्याकडे दुर्लक्ष करा’ असे सांगितले, तरी त्याची किंमत दुसऱ्याला मोठ्या दुरुस्तीने चुकवावी लागते.

रक्कम बरोबर, पण खाते चुकले, तर तेरीज जुळते. देणे मात्र भलत्याच्या नावावर पडते. सल्ल्याचेही तसेच आहे. म्हणून प्रश्न विचारण्यापूर्वी नोंदणी प्रमाणपत्र हाती घ्यावे. मॉडेल, इंधन, उत्पादनाचा महिना व वर्ष त्यावर नमूद असतात. योग्य खात्याचा शोध तेथूनच सुरू होतो.