गिरडचे नारळ आणि जेरोमचा सिंह

वर्धा जिल्ह्यात गिरडच्या टेकडीवर शेख फरीदबाबांचा दर्गा आहे. तेथे हिंदूही जातात, मुसलमानही जातात. टेकडीवर गोल गोल दगड सापडतात. त्यांची कथा अशी : दोन फिरत्या व्यापाऱ्यांनी बाबांची टिंगल केली, तेव्हा त्यांचे नारळ आणि सारा माल दगड झाला. व्यापारी शरण आले. बाबांनी वाळलेल्या पानांतून त्यांना नवा माल निर्माण करून दिला. मग ते दोघे बाबांच्याच सेवेत राहिले.

चुणचुणीत विद्यार्थी विचारतो, “सर, हे दगड म्हणजे जिओलाइट. मग कथा खोटीच ना?” त्याचे शास्त्र चोख आहे. शिवाय बाबा फरीदांची प्रसिद्ध कबर पाकपट्टणला आहे, हेही इतिहास सांगतो. पण एवढ्याने कथेचा निकाल लागला काय?

मध्ययुगीन युरोपातल्या पोथ्या पाहा. वासराच्या कमावलेल्या कातड्याची पाने, त्यांवर सोन्याचा वर्ख आणि निळ्या रंगासाठी थेट अफगाणिस्तानातल्या बदकशानहून आलेला लाजवर्द! त्यांतले संत खुणांवरून ओळखावयाचे. किल्ल्या हातात असतील तो पीटर, मोडके चाक जवळ असेल ती कॅथरिन आणि पायाशी सिंह बसला असेल तो जेरोम.

हा जेरोम मोठा पंडित. बायबल लॅटिनमध्ये आणणारा. इसवी सन 420 मध्ये वारला. सिंहाच्या पंजातला काटा त्याने काढला, अशी कथा आहे. लिंबुर्ग बंधूंनी 1405 ते 1409 च्या सुमारास फ्रान्समधल्या बेरीच्या ड्यूकसाठी प्रार्थनेची एक पोथी चितारली. सध्या ती न्यूयॉर्कच्या क्लॉयस्टर्स संग्रहालयात आहे. तीत हा प्रसंग आहे. गंमत अशी की, सिंह मुळात जेरोमचा नव्हेच! तो जॉर्डनकाठच्या गेरासिमस नावाच्या साधूचा. नामसादृश्यामुळे जेरोमकडे आला, असे अभ्यासक मानतात.

म्हणून त्या चित्राची किंमत उणी झाली नाही. चित्रकार कोर्टात साक्ष देत नव्हता. दुखऱ्या जनावराला पाहून ज्याचा पंडितही थांबतो, त्याला संत म्हणावे, एवढेच तो सांगत होता.

गिरडच्या कथेकडे मी असाच पाहतो. मात्र एक फरक आहे. त्या पोथ्यांत संताचे चरित्र प्रसंगामागून प्रसंग चितारलेले असते. पान उलटले की पुढचा भाग समोर येतो. आपली कथा तोंडोतोंडी चालते आणि तिचे पुढचे पान बहुधा गळते. घरोघर मुलांना काय सांगतात? “थट्टा केलीस तर दगड होईल!” म्हणजे शिक्षा तेवढी उरली, क्षमा गेली. टिंगल करणाऱ्याला त्याचा माल परत देणारा बाबा कथेतून नाहीसा झाला, आणि मुलाच्या हाती राहिला धाक.

जिओलाइट म्हणजे काय, ते मुलांना जरूर सांगा. पण कथा सांगाल तेव्हा वाळलेल्या पानांपर्यंत सांगा. दगड टेकडीवर कुणालाही दिसतात. पाने आपण सांगितली तरच उरतील.