कडबनवाडीचं रान

२५ जुलै २०२२. बारामतीहून एकटीच उडालेली २२ वर्षांची शिकाऊ वैमानिक इंदापूर तालुक्यातल्या कडबनवाडीच्या शेतात उतरली. छोट्या सेसना विमानाच्या इंजिनाचा जोर हवेतच गेला होता. किरकोळ जखमांवर निभावलं. इंजिन बंद पडलं म्हणून विमान दगडासारखं कोसळत नाही. वेग नीट राखला, तर किलोमीटरभर उंचीवरून ते आठ-नऊ किलोमीटर तरंगत जातं. तेवढ्या चार-पाच मिनिटांत मोकळं रान हेरायचं, तारा, झाडं, विहिरी चुकवायच्या. आमच्या परभणीच्या काळ्या मातीत तर पावसाळ्यात बैलगाडी रुतते. तिथं विमानाचं पुढचं चाक फसलं, तर ते उलथूही शकतं. बाविसाव्या वर्षी, शेजारी शिक्षक नसताना, त्या पोरीनं डोकं शांत ठेवलं. मला तिचा फार अभिमान वाटतो.